काय लावू?

बसा. खुर्चीत, पलंगावर, सतरंजीवर, जिथे पाठ सुखाने टेकेल तिथे. डोळे मिटायची गरज नाही, वाचायचं आहे. फक्त वाचून संपवायची घाई बाजूला ठेवा. एक परिच्छेद झाला की थांबा. श्वास येऊ-जाऊ द्या. मग पुढच्याकडे या.

आधी कानांकडे लक्ष द्या. आत्ता आसपास काय काय ऐकू येतंय? पंख्याची घरघर. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. खालून जाणारी रिक्षा. शेजारच्या घरातली मालिका, तिच्यातला तो ढॅण करून वाजणारा ठेका. एकेक आवाज ओळखा आणि सोडून द्या.

आता स्वतःला विचारा, यातला कुठला आवाज मी थांबवू शकतो? पंखा बंद करता येईल. खिडकी लावता येईल. शेजाऱ्यांची मालिका आपल्या हातात नाही, पण उठून आतल्या खोलीत जाता येईल. अगदीच काही नाही तर कानावर उशी घेता येईल. नको असलेल्या आवाजाचं आपण दिवसभरात असं काही ना काही करतच असतो, इतक्या सहज की करतो आहोत हेही कळत नाही. या सहजपणापाशी थोडं थांबा.

पुढच्या भागात मी तुम्हाला आयसीयूतल्या पलंगावर आडवं व्हायला सांगणार आहे. नुकतंच तुमचं कुणी तिथे असेल, किंवा तिथून परत आलं नसेल, तर हा भाग गाळून पुढे जा. काही अडणार नाही.

तुम्ही उताणे आहात. वर छत आहे आणि सतत जळणारे दिवे. बाहेर दिवस आहे की रात्र, कळत नाही. डोक्यामागे मॉनिटर आहे. तो सगळ्यांना दिसतो, तुम्हाला सोडून. तुम्हाला तो फक्त ऐकू येतो. सॅच्युरेशन घसरलं की त्याचा एक आवाज, सिरिंज पंपातलं औषध संपत आलं की दुसरा, शेजारच्या बेडच्या व्हेंटिलेटरचा तिसराच. यातला कुठला आपल्यासाठी आणि कुठला शेजारच्यासाठी, हे समजायला काही मार्ग नाही. प्रत्येक आवाज आपलाच वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत वॉर्डातल्या रात्रीच्या आवाजाची मर्यादा ३० डेसिबल धरली आहे. आयसीयूत मोजलेला आवाज बहुतेक वेळा ५०च्या पुढेच असतो. दर दहा डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं की या दोन आकड्यांमधलं अंतर अंगावर येतं.

तोंडात नळी आहे. ती दोन स्वरतंतूंच्या मधून खाली श्वासनलिकेत गेली आहे, म्हणून आवाज फुटत नाही. घसा बिघडलेला नाही, बुद्धी जागेवर आहे, सांगायचंही पुष्कळ आहे, पण ‘पाणी’ हा शब्दसुद्धा बाहेर पडत नाही. नळी ओढली जाऊ नये म्हणून मनगटं पट्टीने कठड्याला बांधलेली असू शकतात. चष्मा काढून, पिशवीत घालून नातेवाइकांकडे दिलेला आहे. कानातलं यंत्र असेल तर तेही त्याच पिशवीत गेलं आहे. मधूनच कुणीतरी येतं, ‘आजी, सक्शन करते हं’ म्हणतं, आणि नळीतून कफ ओढून घेतलेला असतो. त्या काही क्षणांत श्वास कोंडतो. मग पुन्हा यंत्र हवा आत ढकलू लागतं, त्याच्या तालावर.

वाचता वाचता तुमचा श्वास छातीत वर चढला असेल. तो खाली येऊ द्या. तुमचा श्वास तुमच्या ताब्यात आहे. लांब सोडला तर लांब जातो, थांबवला तर थांबतो. तसं दोनदा करून पाहा.

ज्याच्या ताब्यात तो नाही, त्याला भीती वाटते. यात घाबरटपणाचा प्रश्न नाही. हवा कमी पडतेय असं वाटलं की माणसाचं शरीर जे करतं तेच इथेही करतं: नाडी धावते, रक्तदाब चढतो, श्वास भरभर होतो. पण यंत्राचा ताल तर ठरलेला. माणूस आत ओढतो तेव्हा यंत्र सोडत असतं. ‘पेशंट व्हेंटिलेटरला फाइट करतोय’ असं डॉक्टर म्हणतात ते हेच. मग सिरिंज पंपाचा आकडा वाढवला जातो. मिडाझोलाम, प्रोपोफॉल, फेंटानिल यांपैकी काहीतरी थोडं जास्त जातं आणि माणूस शांत होतो.

ही औषधं वाईट नाहीत. त्यांच्याशिवाय त्या पलंगावरचे कित्येक तास कुणालाही सोसवले नसते. पण त्यांची किंमत असते, आणि ती नंतर मोजावी लागते. शिकागोत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२८ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचं झोपेचं औषध रोज एकदा थांबवून त्यांना जागं होऊ दिलं. ते रुग्ण मध्यकाने ४.९ दिवसांत व्हेंटिलेटरवरून सुटले, बाकीच्यांना ७.३ दिवस लागले. त्यानंतर जगभरच्या आयसीयूंचा कल रुग्णाला शक्य तितकं जागं ठेवण्याकडे झुकला. उत्तमच झालं. पण यातून एक नवी गोष्ट समोर आली. रुग्ण जागा आहे, म्हणजे तो ऐकतो आहे. काय ऐकतो आहे, हे आपण वर पाहिलं.

इथे पुन्हा थांबा. हा सगळा वेळ त्या पलंगावरच्या माणसाला कुणी काय विचारलं, ते आठवून पाहा. दुखतंय का? हो तर मान हलवा. माझा हात दाबा बघू. डोळे उघडा. प्रश्न आवश्यक आहेत, पण ते सगळे शरीराचे आहेत. कुणीही, एकदाही, त्याची आवड विचारलेली नाही.

अमेरिकेत मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं आहेत. तिथल्या पाच रुग्णालयांच्या बारा आयसीयूंमध्ये २००६ ते २०११ या काळात नेमकं हेच विचारलं गेलं. नर्सिंगमधल्या संशोधकांनी मांडलेला हा अभ्यास २०१३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३७३ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर, सगळे सांगितलेलं समजण्याइतके जागे. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. पहिल्या गटाच्या उशाशी सीडी प्लेयर आणि हेडफोन. दुसऱ्या गटाला बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन, आत संगीत नाही. तिसऱ्याला नेहमीचे उपचार.

पहिल्या गटाची तजवीज सावकाश पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला पियानो, वीणेसारखं हार्प, गिटार, बासरी अशा शांत वादनाच्या काही सीडी ठेवल्या होत्या. मग संगीतोपचार करणारी व्यक्ती पलंगापाशी येई. जो बोलू शकत नाही त्याला विचारत विचारत, एकेक पर्याय पुढे करत, त्याला काय आवडतं ते शोधून काढी, आणि त्या एका माणसासाठी संग्रह तयार होई. पुढचा नियम सगळ्यात महत्त्वाचा: वाटेल तेव्हा ऐका, वाटेल तितका वेळ ऐका, नको वाटलं की काढा. वेळापत्रक नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास असं औषधासारखं पाजणं नाही. नर्सना एवढंच सांगितलेलं की अधूनमधून ‘हवं का?’ म्हणून विचारत जा.

रुग्णांनी रोज सरासरी ८० मिनिटं संगीत ऐकलं. नुसते हेडफोन असलेल्यांनी ते अर्ध्या तासाच्या आसपास घातले. भीती किती वाटतेय हे मोजायला शंभर मिलिमीटरची एक रेघ होती. एका टोकाला ‘मुळीच नाही’, दुसऱ्या टोकाला ‘आजवर वाटली नव्हती इतकी’. रुग्ण रेघेवरची जागा दाखवी. संगीत ऐकणाऱ्यांचा आकडा नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा १९.५नी कमी निघाला. पाचव्या दिवशीची भीती सुमारे ३६ टक्क्यांनी उतरलेली होती, आणि झोपेच्या औषधांचे डोस दिवसाला दोनने कमी लागत होते.

दोन डोस. ऐकायला फार वाटत नाही. पण ज्याला त्यांच्या गुंगीतून बाहेर येऊन आपली मुलं ओळखायची आहेत, त्याच्या दृष्टीने पाहा.

आता माझं एक मत. आकडे एवढं सांगत नाहीत, हे मी त्यांच्यातून वाचतो. संगीताने मेंदूत काय होतं, ठेका मिनिटाला साठ-सत्तरचा असला की नाडी कशी उतरते, यावर पुष्कळ लिहिलं जातं आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या पलंगावर माणसाकडून काय काढून घेतलं होतं, ते एकदा आठवा. आवाज, हात, चष्मा, कान, दिवस-रात्र, श्वास. आणि त्या सीडी प्लेयरबरोबर काय परत मिळालं? गाणं तर मिळालंच. शिवाय ‘लावा’ आणि ‘बंद करा’ हेही मिळालं. त्या खोलीतल्या साऱ्या यंत्रांमध्ये हे एकच यंत्र त्याच्या मर्जीने चालत होतं. इतर सगळे आवाज त्याच्यावर येऊन आदळत होते आणि हा एकच त्याने बोलावून घेतलेला होता. भीती उतरण्यातला फार मोठा वाटा या मर्जीचा असावा असं मला वाटतं.

हे मनात धरून, आपण आजाऱ्याच्या बाबतीत एरवी काय करतो ते बघा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९मध्ये शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात विनाकारण आवाजाला आजाऱ्यावरचा क्रूरपणा मानलं आहे. दारामागची कुजबुज, पायघोळ कपड्यांची सळसळ, काही तिच्या नजरेतून सुटलं नाही. संगीताचाही विचार तिने केला. सलग सूर धरणारी वाद्यं, म्हणजे फुंकून वाजवायची, गजाने वाजवायची, आणि माणसाचा गळा, ही आजाऱ्याला मानवतात, पियानो उलट त्रास देतो, असं तिचं निरीक्षण. इतकी बारीक नजर, पण पियानो हवा की नको हे तिनेच ठरवलेलं. आपल्याकडे ही जागा रागांच्या याद्यांनी घेतली आहे. या रागाने रक्तदाब उतरतो, त्याने झोप लागते, तिसऱ्याने पोट सुधारतं. व्हॉट्सॲपवरून अशी यादी तुमच्याकडेही आली असेल. ज्या माणसाने जन्मात रागदारी ऐकली नाही, जो लावणी लागली की रेडिओचा आवाज वाढवत असे, त्याच्या कानाशी दरबारीचा विलंबित ख्याल लावून त्याला काय वाटेल? कंटाळा येईल, आणि तो सांगताही येणार नाही.

घरचे लोक आणखी एक करतात, आणि ते प्रेमाने करतात, म्हणून जपून बोलतो. उशाशी मोबाइल ठेवून महामृत्युंजय मंत्र लावतात, एकामागून एक एकशे आठ वेळा. किंवा गीतेचे अध्याय. ज्याचा रोजचा पाठ आहे त्याला याहून मोठा आधार नाही, त्याच्यासाठी तेच लावावं. पण आपल्या घरांत गीता आणि विष्णुसहस्रनाम आणखी कुठल्या वेळी वाचलं जातं, हे पलंगावरच्या माणसालाही ठाऊक आहे. देवळाच्या पायरीशी कधी न थांबलेला माणूस जागा होतो, कानाशी पंधरावा अध्याय चालू असतो, समोर मुलगी डोळे पुसत उभी असते. तो काय समजेल? त्याच्या जागी झोपून हे एकदा ऐका. घाई नको.

आता त्या पलंगावरून उठा. हात-पाय हलवा, मान फिरवा. आपल्या खोलीत परत या.

आणि स्वतःची यादी करा. मनातच. वेळ आली तर तुम्हाला काय ऐकायला आवडेल? पहिलं उत्तर येईल ते बहुधा चारचौघांत सांगण्यासारखं असेल. ‘भीमसेनजींची अभंगवाणी’ म्हणाल. खरंच आवडत असेल तर ठेवा. पण थोडं खाली उतरा. वयाच्या दहाव्या वर्षापासून पंचवीस-तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाकडे पुढे सगळ्यात दाट राहतात, आणि गाण्यांचंही तेच. तेव्हा तुमच्या घरात काय वाजत होतं? १९५५ साली पुणे केंद्रावरून वर्षभर गीतरामायण ऐकलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनला कान लावून अमीन सायानींची वाट पाहणारी मुलं आज आजी-आजोबा आहेत. कुणाचं बालपण विविध भारतीवर, कुणाचं कॅसेटवर, कुणाचं गणपतीतल्या लाउडस्पीकरवर गेलं. जत्रेत ऐकलेली लावणी असेल. दादा कोंडक्यांच्या सिनेमातलं असं एखादं असेल जे मुलांसमोर गुणगुणायची चोरी. पणजीतल्या घरात आईने म्हटलेला मांडो असेल. ते यादीत घ्या. आयसीयूत आपली अभिरुची कुणी तपासत नाही.

एकेक गाणं मनात लावून पाहा. शब्द आठवत नसतील तर चाल. शरीरात कुठे काय होतंय? जबडा सैल पडला? की छातीत काही दाटलं? आवडतं गाणं नेहमी शांतच करतं असं नाही. एखादं लग्नातलं असतं आणि तो माणूस आता नसतो. एखादं वडील गेले त्या दिवशी कुठून तरी वाजत होतं. अशी गाणी बाजूला काढा आणि त्यांची वेगळी यादी करा. ही दुसरी यादी तेवढीच कामाची आहे.

पुढचा प्रश्न जरा अवघड. तुमच्या यादीतलं पहिलं गाणं घरात कुणाला माहीत आहे?

आणि उलटा प्रश्न त्याहून अवघड. तुमच्या आईला, वडिलांना, नवऱ्याला, बायकोला काय ऐकायला आवडतं? ‘जुनी गाणी’ हे उत्तर धरायचं नाही. कुठलं गाणं? कुणाच्या आवाजात? तीस वर्षं एका छताखाली काढून इथे अडखळायला होतं. पिठलं किती तिखट लागतं ते माहीत असतं, साखर किती चमचे तेही. गाण्यापाशी आपण अंदाज करतो. या अंदाजाशी थोडा वेळ बसा, स्वतःला दोष न देता.

समजा, विचारायचं राहून गेलं आणि वेळ आली. आत जायला पंधरा मिनिटांचा पास मिळाला. तरी विचारता येतं. आधी सिस्टरना विचारा, कारण त्या क्षणी संगीत झेपेल की नाही हे त्यांना कळतं, आणि हेडफोनची वायर कुठल्या नळीत अडकेल हेही. पिशवीतला चष्मा आणि कानातलं यंत्र परत चढवता येईल का, तेही विचारा. ऐकूच येत नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग समोर या, दिसाल असे उभे राहा. ‘बाबा, हो असेल तर माझं बोट दाबा, नाही तर दाबू नका.’ आणि पहिला प्रश्न असा करा की त्यात नकाराला जागा असेल: ‘काही ऐकायचंय का?’ बोट हललं तर पुढे. गाणी? मराठी? जुनी? मग दोन-तीन नावं, प्रत्येकानंतर थांबत. घाई केलीत तर ते कुठल्या प्रश्नाला हो म्हणाले हेच कळणार नाही. आवाज हळू ठेवा. गाणं सुरू झालं की मॉनिटरकडे बघू नका, कपाळाकडे बघा. आठी पडली तर काढा, ‘पण हे तर तुमचं आवडतं’ असं म्हणत बसू नका. माणसाची आवड आजारात बदलते, सकाळची संध्याकाळी राहत नाही.

बोट हललंच नाही, तर हेडफोन खिशात घाला आणि नुसते उभे राहा. मिनिआपोलिसमधल्या दुसऱ्या गटाला आठवा. काही न ऐकण्यासाठीही लोकांनी रोज अर्धा तास हेडफोन चढवले होते.

पण शक्य तर आजच विचारा, जेवताना, सहज. उत्तराला तयार राहा. आईला तुमच्या अपेक्षेतलं काही नको असेल. ती म्हणेल, मला बातम्या लाव, जगात काय चाललंय ते तर कळू दे. वडील म्हणतील, ते बाबामहाराज सातारकरांचं कीर्तन, नाहीतर जुन्या मॅचची कॉमेंटरी. कुणी म्हणेल, नातीची बडबड भरून ठेव. कुणी नुसतंच ‘काहीतरी अभद्र बोलू नकोस’ म्हणून ताट उचलेल. त्यांना पुन्हा कधीतरी विचारा. जे सांगतील ते मेडिक्लेमच्या कागदांबरोबरच्या फाइलीत लिहून ठेवा. त्या पानावर रक्तगट असतो, चालू गोळ्यांची नावं असतात, कशाची ॲलर्जी आहे ते असतं. त्याखाली एक ओळ, काय लावायचं. आणि तिच्याखाली आणखी एक, काय लावायचं नाही.